जाळीचं दुसरं टोक

सुभेदार उत्तमराव शेडगे यांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्यातल्या बहुतेक कानानं केल्या. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला व्हॉल्व्ह सैल झालाय, कुठली बेअरिंग खाल्ली गेलीय, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू अजून पाव फेरा फिरवायचा की नाही, हे सगळं त्यांना आतून कुणी सांगावं तसं कळायचं. निवृत्तीच्या वेळी मिलिटरी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्यांचे कान तपासले आणि कागदावर खाली घसरत जाणारी एक रेघ दाखवली. "बारीक आवाज गेलेत, सुभेदारसाहेब. बाकीचेही हळूहळू जातील," असं ते म्हणाले. ही गोष्ट उत्तमरावांनी बायकोखेरीज कुणालाही सांगितली नाही.

शेवटची पोस्टिंग जयपूरला होती. ती संपल्यावर ते कोरेगावकडं आपल्या गावी गेले नाहीत. राजा पार्कच्या मागच्या गल्लीत एक गाळा भाड्यानं घेतला, त्याच्यावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं आणि दारावर 'शेडगे मोटर वर्क्स' अशी पाटी लावली. फौजी माणूस म्हटल्यावर गिऱ्हाईक यायचंच. त्यांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, एक युक्ती काढली होती. गिऱ्हाईक बोलू लागलं की त्या जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या आणि त्याचं बोलणं मोठ्यानं परत म्हणायच्या.

"आवो, हे साहेब म्हणत्यात, गाडी चढाला दम टाकती म्हणं!"

लोकांना वाटायचं, बाई जरा जास्तच लक्ष घालतात.

पण इंजिनाचं बोलणं परत म्हणणारं कुणी नव्हतं. हिवाळ्यात एका डॉक्टरची गाडी काळा धूर ओकत परत आली. उत्तमराव तिचं कार्बोरेटर कानानं लावायला गेले होते आणि फसले होते. त्यानंतर महिन्याभरात एक जीप आग्रा रोडवर बस्सी गावाच्या पुढं बंद पडली. तिची बेअरिंग आत खडखडत होती, आणि यांनी 'सगळं ठीक' म्हणून ती सोडली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी सुनंदाबाईंना म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत बघतो. माझ्यानं हे काम धड होत नसेल, तर दुकान बंद करू. लोकांच्या जिवाशी खेळायचं नाही."

गावाकडं शेत होतं, दीर होता, पोटाला कमी पडलं नसतं. पण हातातला पाना काढून घेतल्यावर या माणसाचं काय उरणार, हे सुनंदाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशी सालचा तो मार्च. पहिल्याच आठवड्यात दिलीप बर्वे आपल्या वडिलांची जुनी फियाट घेऊन आला. वडील विमा अधिकारी. पंचवीस वर्षांपूर्वी बदलीवर आले आणि दुर्गापुऱ्यात घर बांधून इथलेच झाले. दिलीप जयपुरातच वाढला, त्यामुळं त्याचं मराठी घरात शिकलेलं आणि गल्लीत हिंदीनं भिजलेलं होतं. दोन वर्षं ऑस्ट्रेलियात शिकून तो इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागला होता. येताना त्यानं बॅगेत कपड्यांच्या जागी एक पेटी आणली होती. पेटी जेवणाच्या डब्याएवढी, आणि तिच्यातून वायरींचा एक झुपका बाहेर आलेला.

"काका, ह्या गाडीचं कार्बोरेटर काढून फेकायचंय."

उत्तमराव त्याच्या ओठांकडं बघत होते. शब्द कळले, पण विश्वास बसेना. "फेकायचं?"

"मतलब, त्याच्या जागी हे लावायचं. पेट्रोल किती फवारायचं, कधी फवारायचं, ठिणगी कधी द्यायची, सगळं ही पेटी ठरवणार."

"आणि ट्यूनिंग कोण करणार? तुझे वडील?"

दिलीप हसला. "आकडे करणार. इथं बटणं आहेत, आकडा वाढवायचा, कमी करायचा. ऐकत बसायचं कामच नाही, काका. ह्याला कान लागत नाहीत."

तो आपला सहज बोलून गेला. उत्तमरावांचा हात मात्र तेलकट फडक्यावर तसाच थांबला. पायरीवर उभ्या सुनंदाबाईंनी हे वाक्य परत म्हटलं नाही. त्याची गरजच नव्हती.

"ठेव गाडी," उत्तमराव म्हणाले.

आता इंजिनाच्या पोटात काय चाललंय, हे त्या पेटीला बाहेर बसून कळणार कसं? त्यासाठी दोन वस्तू होत्या. एक दातेरी चकती. ती इंजिनाच्या पुढच्या पुलीमागं घट्ट बसवायची, म्हणजे इंजिन फिरलं की तीही फिरते. चकतीला छत्तीस दात असायला हवेत, पण मुद्दाम एक कमी ठेवलेला. जपमाळेत मेरुमणी लागला की एक फेरा झाला हे न बघताही बोटांना कळतं. तसंच हे. दात, दात, दात, आणि मग एक रिकामी जागा. रिकामी जागा गेली की पेटीनं समजायचं, इथून मोजणी नव्यानं सुरू.

दुसरी वस्तू म्हणजे सेन्सर. अंगठ्याएवढा तुकडा, आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. चकतीचा एकेक दात त्याच्यासमोरून गेला की त्या तारेत अगदी क्षीण अशी वीज चमकून जाते. दात आणि सेन्सर यांच्यात तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर मावतील एवढीच फट हवी. जास्त झाली तर सेन्सरला दात कळत नाहीत, आणि कमी झाली तर दात त्याला घासून जातात.

हे सगळं उत्तमरावांना फार आवडलं. त्यांनी दोन दिवस खपून चकती बसवली, ती फिरताना जराही डुलत नाही याची खात्री केली आणि पितळी पट्टीनं फट तीन तीनदा मापली. मग वायरींचं काम हाती घेतलं.

सेन्सरपासून पेटीपर्यंत दोन बारीक तारा जायच्या होत्या, आणि त्यांच्यावर तांब्याची विणलेली जाळी चढवायची होती. बाहेरचा विजेचा गोंगाट आतल्या तारांपर्यंत पोचू नये, म्हणून ही जाळी. दिलीपनं दिलेल्या पुस्तिकेत तिचं चित्र होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, त्यामुळं पानभर काळे ठिपके. जाळीचं एक टोक पेटीजवळ अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या उणे बाजूला जोडलेलं दिसत होतं. दुसरं टोक इंजिनापाशी येऊन नुसतंच संपलं होतं. लोंबकळत.

उत्तमरावांनी चष्मा वर केला, खाली केला. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं. फौजेत वायरलेसच्या गाड्यांवर त्यांनी अशा जाळ्या शेकड्यांनी बसवल्या होत्या. तिथं नियम एकच, दोन्ही टोकं बॉडीला, आणि घट्ट. एक टोक सैल राहिलं की वायरलेसमध्ये खरखर यायची आणि कर्नलसाहेबांचा आवाज त्याहून मोठा यायचा. नव्या भरतीच्या पोरांना ते रांगेत उभं करून विचारायचे, "टोकं किती?" आणि पोरं ओरडायची, "दोन!"

"चित्र काढणाऱ्यानं आळस केलाय," ते स्वतःशीच म्हणाले. अर्धवट काम त्यांना बघवायचं नाही. फौजी जाडीची जाळी घेऊन त्यांनी तिचं दुसरं टोक इंजिनावर बोल्टनं आवळलं, वरून काळी पट्टी गुंडाळली आणि सगळी वायर इतकी सुबक बांधली की दिलीप बघतच राहिला.

"काका, हे तर फॅक्टरीतून आल्यासारखं वाटतंय!"

बुधवारी दुपारी पहिला सेल्फ मारला.

पेटी गाडीत डॅशबोर्डवर ठेवली होती आणि तिच्यावर एक लाल दिवा होता. मोजणी बरोबर चालली असेल तर तो स्थिर जळायचा, चुकली की लुकलुकायचा. दिलीपनं चावी फिरवली, इंजिन गरगरलं, आणि दिवा दिवाळीतल्या माळेसारखा लुकलुकू लागला. गाडीनं एकदा शिंक दिली, मागून फाटकन बार काढला आणि गप्प झाली. शेजारचा बॅटरीवाला भंवरलाल गादीवरून उठून बाहेर आला.

"फौजी साहब, गोली चली क्या?"

"तुझ्या बॅटरीवरच चालली," उत्तमराव म्हणाले. तो बार त्यांना ऐकू आला होता. त्याचं त्यांना बरंच वाटलं.

मग सुरू झाला तो नुसता गोंधळ. दिलीप म्हणाला, दोन तारा उलट्या लागल्या असतील. तारा बदलल्या, दिवा लुकलुकला. दिलीप म्हणाला, फट कमी करू. फट कमी केली, दिवा लुकलुकला. दिलीप म्हणाला, चकतीतली रिकामी जागा पेटीत सांगितलेल्या दातापासून चुकली असेल. दोघांनी खडूनं खुणा करून, इंजिन हातानं फिरवून सगळे दात मोजले. उत्तमरावांची मोजणी पस्तीस आली, दिलीपची चौतीस. पुन्हा मोजले, तेव्हा दिलीपची छत्तीस आली.

"अरे, तू कॉलेजात शिकवतोस ना?"

"हां काका, पण तिथं दात मोजावे लागत नाहीत."

हातानं फिरवताना दिवा मुळीच लागत नव्हता, हे उत्तमरावांच्या लक्षात आलं. तेही त्यांना कळेना. दिलीपनं समजावलं, की इतक्या सावकाश दात गेले तर सेन्सरमध्ये वीज निर्माणच होत नाही, त्याला जरा वेग लागतो. म्हणजे सावकाश फिरवलं तर आंधळा आणि सेल्फ मारला तर वेडा. उत्तमरावांनी मान डोलावली खरी, पण डोकं चक्रावलंच.

गुरुवारी दुपारपर्यंत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. इंजिन जेमतेम कण्हू लागलं. भंवरलाल दारात उभा राहून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "धक्का मारके देखो."

"अरे, ये कॉम्प्युटरवाली गाडी है," दिलीप वैतागून हिंदीत म्हणाला.

"तो क्या कॉम्प्युटर को धक्का नहीं लगता?"

दुसरं काही सुचतच नव्हतं. दिलीप स्टिअरिंगवर बसला, उत्तमराव, भंवरलाल आणि कचोरीच्या गाड्यावरचे दोघं मागं लागले. वीस पावलं ढकलल्यावर दिलीपनं क्लच सोडला आणि गाडी एका दमात सुरू झाली! उत्तमरावांच्या तळहाताखाली डिकीचा पत्रा थरथरला. धावत जाऊन त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. लाल दिवा स्थिर होता, डोळ्याची पापणीही न लवणारा.

गल्लीत टाळ्या पडल्या. दिलीपनं आकडे फिरवले, इंजिनाचे फेरे हवे तसे वर नेले, खाली आणले. "बॅटरीच कमजोर होती, काका! एवढंसं कारण, आणि आपण दोन दिवस दात मोजतोय!"

उत्तमरावांनी रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी भंवरलालनं रात्रभर चार्ज केलेली नवी बॅटरी आणून बसवली. चावी फिरवली. इंजिन जोरात गरगरलं, दिवा माळेसारखा लुकलुकला, शिंक, बार.

दिलीप बसल्या जागी स्टिअरिंगवर डोकं टेकवून राहिला. पुन्हा धक्का मारला, तेव्हा पहिल्याच झटक्यात सुरू. बंद केली. सेल्फ मारला, बार. धक्का मारला, सुरू. दिवसभरात पाच वेळा हाच प्रकार. कचोरीवाल्यांनी शेवटी येणंच सोडून दिलं. भंवरलाल मात्र खूश होता.

"दिमाग विलायती, धक्का देसी! साहब, बोर्ड पे लिखवा दो."

"काका," दिलीप म्हणाला, "सोमवारी प्राचार्य बघायला येणार आहेत, बाहेरचे पाहुणे पण. त्यांच्यापुढं मी कॉम्प्युटरवाली गाडी ढकलत नेऊ?" त्याचा चेहरा पडला होता. "एक काम करू, कार्बोरेटर परत लावून टाकू. तुम्ही तुमच्या हिशोबानं ट्यून करून द्या. मतलब, तुमचा कान तर आहेच."

उत्तमराव हातातला पाना पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"उद्याची सकाळ दे मला," ते म्हणाले.

शनिवारी दिलीपला सकाळी वर्ग होता. उत्तमराव सहालाच खाली उतरले. बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. इंजिन तेच, चकती तीच, सेन्सर तोच. ढकललं की पेटीला दात बरोबर मोजता येतात आणि सेल्फ मारला की येत नाहीत. जणू एकच पोरगं, आईनं विचारलं तर पाढे म्हणतंय आणि मास्तरांनी विचारलं तर चुकतंय. मग मास्तर काय करतात, जे आई करत नाही? हे कोडं त्यांनी उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. काही सुधरेना.

कान चांगले असते तर, असं त्यांना वाटून गेलं. सेल्फ फिरताना काहीतरी वेगळं ऐकू आलं असतं, एखादा घासल्याचा आवाज, एखादी टिकटिक. कान गेल्यापासून त्यांनी नकळत एक सवय लावून घेतली होती. जे ऐकू येत नाही ते हात ठेवून बघायचं. थरथर हाताला कळते. त्यांनी जिन्याकडं तोंड करून हाक मारली.

"अगं, खाली ये. चावी फिरवायचीय."

सुनंदाबाई पदराला हात पुसत खाली आल्या. "मी? मी न्हाई बसायची त्या चाकाम्होरं. सुटली-बिटली म्हंजे?"

"गियर काढलाय. कुठं जात नाही ती. चावी उजवीकडं फिरव, मी हात खाली केला की सोड."

त्या स्टिअरिंगमागं अंग चोरून बसल्या, देवघरातल्या समईला हात लावावा तशी चावी धरली आणि फिरवली. इंजिन गरगरलं. उत्तमरावांनी एक हात सेन्सरवर ठेवला, काही वेगळं नाही. मग तो हात वायरीवरून पेटीच्या दिशेनं नेला, कुठं ती थरथरतेय का बघायला. वायर थरथरत नव्हती.

वायर कोमट होती.

त्यांनी हात खाली केला. सुनंदाबाईंनी चावी सोडली. उत्तमराव वायर मुठीत धरून तसेच उभे. सकाळची वेळ, इंजिन रात्रभराचं गार, मग ही ऊब आली कुठून?

"पुन्हा फिरव."

पुन्हा गरगर, दिवा लुकलुक, फाटकन बार. सुनंदाबाई "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या. वायर आणखी तापली होती. भाकरी तव्यावरून उतरवल्यावर जरा वेळानं असते, तेवढी.

उत्तमराव चांगलेच बुचकळ्यात पडले. सेन्सरमधली वीज इतकी क्षीण, की तिनं मुंगीचा पायसुद्धा भाजायचा नाही. मग वायर तापवली कुणी? त्यांनी काळी पट्टी सोडायला सुरुवात केली. आतल्या दोन तारा गार होत्या. तापली होती ती वरची जाळी, त्यांनी स्वतः दोन्ही टोकांना आवळलेली.

जाळीतून कसली तरी वीज जात होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. सेल्फ मारला की जात होती. धक्का मारताना सेल्फ नसतो. इथवर आल्यावर त्यांच्या हातानं पाना उचलला, डोकं अजून मागंच होतं. त्यांनी जाळीचं इंजिनाकडचं टोक सोडवलं. ते लोंबकळू लागलं, अगदी पुस्तिकेतल्या चित्रासारखं. बघून त्यांना कसंसंच झालं. अठ्ठावीस वर्षांत असं उघडं टोक त्यांनी कुणाच्या कामात खपवून घेतलं नव्हतं.

"फिरव."

तळहात मडगार्डवर होता. पत्रा एकदा हिसकला आणि मग एकसारखा, मऊ थरथरू लागला. त्यांनी मान वर करून आत पाहिलं. सुनंदाबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले होते, डोळे मिटले होते, आणि त्यांच्यासमोर लाल दिवा शांत जळत होता.

"आवो, सुरू झाली का?"

"झाली."

"म्या केली?"

"तूच केलीस."

त्या खाली उतरल्या, लांबून गाडीकडं बघत राहिल्या, मग नवऱ्याकडं. "मग? ऱ्हायाचं का हितं?"

"थांब जरा," उत्तमराव म्हणाले. "गाडी सुरू झाली, पण का झाली ते मला कळलेलं नाही."

दिलीप साडेअकराला आला, तेव्हा त्यांनी त्याला आठ वेळा सेल्फ मारून दाखवला. आठही वेळा गाडी सुरू. दिलीपनं वाकून ते लोंबतं टोक पाहिलं, पुस्तिका काढली, चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका! हे टोक तुम्ही इंजिनला जोडलं होतं?"

"चित्र अर्धवट होतं, मी पुरं केलं."

"अर्धवट नव्हतं हो! मतलब, तसंच ठेवायचं होतं!"

"तसंच म्हणजे कसंच? असं टोक लोंबतं ठेवून कुणी काम सोडतं का? मग लिहायचं तरी ना, की बाबा, मुद्दाम सोडलंय."

दिलीपनं पान उजेडात धरलं. ठिपक्यांच्या गर्दीत खाली बारीक अक्षरांची एक ओळ होती, आणि तिच्यावरून झेरॉक्सचा काळा पट्टा गेला होता. त्याला हसूही येत होतं आणि रागही. मग तो गाडीच्या बॉनेटशी टेकून, वर्गात शिकवावं तसं सांगू लागला. उत्तमराव त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"सेल्फच्या मोटरला किती वीज लागते, काका? शंभर दीडशे अँपिअर. ती बॅटरीतून सेल्फमध्ये जाते आणि इंजिनच्या अंगातून परत बॅटरीत येते. यायला एक जाड पट्टा आहे. पण तुम्ही तिला अजून एक रस्ता काढून दिला, ह्या जाळीतून. मग तिच्यातली थोडी इकडून यायला लागली. आतल्या तारेत सेन्सर बिचारा कुजबुज करतोय, आणि त्याच्या अंगावरून बँडबाजा लावून बारात चाललीय. पेटीला काय ऐकू येणार?"

उत्तमरावांनी मान डोलावली. "मग वायरलेसच्या गाडीत दोन्ही टोकं का? तिथंही सेल्फ होताच की."

"तिथं उलटं आहे. तिथं गोंगाट आतल्या तारेत असतो, ठिणगीचा. तो बाहेर पडून वायरलेसमध्ये जाऊ नये, म्हणून सगळीकडून बंद करायचं. इथं आत कुजबुज आहे, आणि गोंगाट बाहेर."

"म्हणजे मी पोरांना शिकवलं ते चूक नव्हतं?"

"बिलकुल नाही, काका. तिथं बरोबर, इथं चूक."

तिथं बरोबर, इथं चूक. उत्तमरावांनी ते मनात दोनदा घोळवलं. एकच जाळी, तेच तांबं, तोच बोल्ट. हो म्हणावं तर पटत नव्हतं, नाही म्हणावं तर गाडी समोर चालू होती.

दुपारी दोघं गाडी घेऊन आग्रा रोडला लागले. दिलीप चालवत होता, उत्तमराव शेजारी मांडीवर पेटी घेऊन आकडे बदलत होते. चढाला गाडी ओढत नाही असं वाटलं की एक आकडा वर, एक्झॉस्टमधून धूर दिसला की एक खाली. त्यांचे डोळे दिव्यावर आणि आरशातल्या धुरावर होते, तळहात दाराच्या पत्र्यावर. घाट की गुणीची खिंड ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला आली, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की गेल्या अर्ध्या तासात त्यांनी कान लावायचा प्रयत्नच केलेला नाही.

दिलीप काहीतरी बोलत होता. वारा खिडकीतून आत घोंगावत होता, दिलीपचं तोंड रस्त्याकडं होतं. उत्तमरावांनी सवयीनं "हो, हो" म्हटलं. दिलीप पुन्हा काहीतरी बोलला आणि थांबला. उत्तराची वाट बघत असावा. उत्तमराव पुन्हा "हो" म्हणाले. दिलीपनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

"काका, मी विचारलं, तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय का? मला तर सगळे बरोबर वाटतात. तुम्ही हो का म्हणताय?"

आता हे झाकता येण्यासारखं नव्हतं. झाकलं असतं तर हा पोरगा उद्या सगळं इंजिन खोलून बसला असता.

"गाडी बाजूला घे," उत्तमराव म्हणाले.

बाभळीच्या एका झाडाखाली गाडी थांबली. इंजिन चालूच होतं.

"मला ऐकू येत नाही, दिलीप. इंजिनाचं तर काहीच नाही. माणसाचं येतं, पण समोर असेल तर. तीन नंबरचं मला ठाऊक नाही. दिवा बरोबर आहे, धूर बरोबर आहे, पत्रा एकसारखा थरथरतोय, एवढं सांगू शकतो. तेवढ्यावर पुढची कामं द्यायची तर दे. गेल्या महिन्यात एक जीप मी अशीच कानाच्या भरवशावर सोडली आणि ती वाटेत मोडली. पुन्हा तसं करणार नाही."

दिलीप एकदम मोठ्यानं ओरडला, "काका, मी तुम्हाला—"

"ओरडू नकोस. बहिरा आहे, पलीकडच्या डोंगरावर नाही बसलो. तोंड माझ्याकडं कर आणि सावकाश बोल."

दिलीपनं इंजिन बंद केलं आणि सीटवर वळून बसला. क्षणभर त्यांच्या हातांकडं बघत राहिला.

"मी म्हणत होतो," तो एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "सोमवारी तुम्ही कॉलेजला याल का? वायर कशी गरम झाली, तुम्हाला कसं सापडलं, ते मुलांना सांगायला. माझ्या तर डोक्यातच आलं नसतं. मी तार मीटरनं मोजली होती, हात लावला नव्हता."

"पोरं प्रश्न विचारतील."

"विचारतील ना."

"मग एकेकानं विचारायचं, उभं राहून, माझ्याकडं बघत. घोळका नको."

"सांगतो त्यांना."

"आणि दुकान मी ठेवणार आहे, पण फक्त दिव्यानं नि हातानं कळेल तेवढंच काम घेणार. हेही तुझ्या वडिलांना सांग. त्यांच्या ओळखीचे लोक येतात."

"हो, काका."

दिलीपनं चावीला हात घातला. उत्तमरावांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. सोमवारी पोरांपुढं उभं राहायचं, तर आधी मला कळलं पाहिजे. ते एक टोक मोकळं का ठेवायचं, ते परत एकदा सांग. पहिल्यापासून. आणि ती वरातीची गोष्ट नको, नीट सांग. मघाशी मी मान डोलावली, पण मला अजून कळलेलं नाही."